जुनी लेन्स, नवा मिररलेस: बाबांच्या झेनिटचं काय करावं?

पोहे_जलेबी

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. घरात बाबांचा जुना रशियन फिल्म कॅमेरा झेनिट-ई आहे, त्यावर हेलिओस ४४-२ लेन्स, म्हणजे ५८ मिमी एफ/२ (एफपुढचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त). कॅमेऱ्याचं शटर अडकलंय, पण लेन्स वरवर तरी बरी दिसते. सगळं ऐवज चामड्याच्या केसमध्ये वर्षानुवर्षं कपाटात होतं. माझ्याकडे सोनी ए६४०० हा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा आहे, सोबत आलेल्या १६-५० झूमसकट. इथल्या एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, शोकेसमध्ये छान दिसेल."

तर प्रश्न असे. ही लेन्स माझ्या बॉडीवर बसते का, आणि बसवून काही अर्थ आहे का? मला मुख्यतः रात्रीचे फोटो काढायचे असतात: सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार, राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्या, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ. किट झूम ५० मिमीला एफ/५.६ वर जाते, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वर चढतो आणि फोटोत नुसती रवाळ माती उरते. नवी एफ/१.८ घ्यायला सध्या पैसे नाहीत. जाणकारांनी सांगावं.

काळी_पेटी

बसते, आणि मध्ये एकही काच न घालता बसते. ते का, हे एकदा कळलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

लेन्स कॅमेऱ्याला जिथे टेकते ती कडा आणि मागची फिल्म किंवा सेन्सर यांतलं अंतर प्रत्येक माउंटला, म्हणजे लेन्स जोडायच्या पद्धतीला, ठरलेलं असतं. तुमच्या हेलिओसचा एम४२ माउंट, म्हणजे ४२ मिमी व्यासाचे आटे, त्याचं हे अंतर ४५.४६ मिमी. सोनी ई माउंटचं १८ मिमी. वजाबाकी २७.४६ मिमी. तेवढ्या लांबीची धातूची पोकळ नळी, एका टोकाला आटे आणि दुसऱ्या टोकाला सोनीची खाच, हा झाला अडॅप्टर. आत ना काच, ना वायर, ना बॅटरी. जुन्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशावाल्या कॅमेऱ्यांत, आरसा वर-खाली हलायला जागा लागायची, म्हणून ते अंतर मोठं. आरसा गेला आणि ती जागा आपल्याला मिळाली. निकॉन झेडचं अंतर १६, फुजी एक्सचं १७.७, कॅनन आरएफचं २०. सगळ्यांवर जवळपास सगळ्या जुन्या एसएलआर लेन्स बसतात.

डिजिटल एसएलआरच्या काळात हे सरसकट जमत नसे. निकॉन एफचं अंतर ४६.५ मिमी, म्हणजे एम४२ पेक्षाही जास्त. तिथे अडॅप्टरमध्ये जादा भिंग घालावं लागे, नाहीतर लांबचं काहीच फोकस होत नसे. कॅनन ईएफचं ४४, तिथे पातळ चकतीवर भागायचं. पण व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस नीट दिसायचा नाही. त्या कॅमेऱ्यांच्या फोकसिंग स्क्रीन मंद किट लेन्स उजळ दिसाव्यात अशा बनवलेल्या असत, एफ/२ ची उथळ खोली, म्हणजे धारदार येणारा अरुंद पट्टा, त्यांत दिसतच नसे. जुन्या फिल्म कॅमेऱ्यातली फोकस जुळवायची मधली दुभंगलेली गोल काचही गेली होती.

एक खबरदारी. काही फार जुन्या झेनिटांना ३९ मिमीचे आटे असायचे. लायकाच्या जुन्या स्क्रू लेन्सनाही ३९ मिमीचेच. आटे तेच, अंतर वेगळं: लायका २८.८, झेनिट ४५.२. चुकीच्या अडॅप्टरवर लेन्स आनंदाने फिरत जाते आणि फोकस मात्र भलतीकडेच. तुमची बहुधा ४२ चीच असेल, पण पट्टी लावून बघा.

पोहे_जलेबी

मोजली. ४२ च आहे. धन्यवाद काळी_पेटी, पहिल्यांदाच कुणीतरी "का" सांगितलं.

जुनेखोड

पोरी, अडॅप्टर मागवण्याआधी लेन्स तपासून घे. चाळीस वर्षांचं काम फोटो स्टुडिओत गेलं माझं, म्हणून अधिकाराने सांगतो.

पहिलं काम, ती चामड्याची केस लेन्सपासून लांब कर. चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि बुरशीला एवढंच हवं असतं. आठवण म्हणून केस ठेवायची तर वेगळी ठेव. मग अंधाऱ्या खोलीत लेन्स पूर्ण उघडी करून मागून मोबाइलची बॅटरी मार आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखा धुरकटपणा दिसला तर आतल्या तेलाची वाफ भिंगावर बसलीय. कडेला इंद्रधनुषी डाग असतील तर चिकटवलेली दोन भिंगं सुटायला लागलीत, तो रोग अवघड. चार-दोन धुळीचे कण दिसतीलच, त्यांनी काही होत नाही. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असला तरी फोटोत दिसत नाही. मागच्या काचेवरचा मात्र त्रास देतो.

मग अ‍ॅपर्चरच्या पात्या बघ, प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करतात त्या. ४४-२ ला दोन रिंगा आहेत. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरीने एफ/२ पासून त्या आकड्यापर्यंत उघड-मीट करायची. पूर्वी पूर्ण उघडून फोकस करायचा आणि फोटोच्या आधी न बघता बंद करायचं, म्हणून ती सोय. पात्या तेलकट असल्या तरी या लेन्सला फारसं बिघडत नाही, कारण त्या हातानेच हलतात. स्प्रिंगवर चालणाऱ्या लेन्सना तेल लागलं की पात्या अडकतात.

फोकसची रिंग घट्ट झाली असेल तर जोर करू नको. आतलं ग्रीस वाळलेलं असतं. उघडून, पुसून, नवं लावावं लागतं, आणि ते काम येणारे हात आता कमी उरलेत.

सिरपूरचा_बगळा

मी थोडं कटू बोलतो. दोन हजारांचा अडॅप्टर, हजाराची सफाई, मग "अजून एक १३५ मिमी मिळतेय" म्हणून तीन हजार, आणि वर्षभराने आपण नव्या ५० मिमी एफ/१.८ च्या किमतीला पोचलेले असतो. त्या नव्या लेन्सला ऑटोफोकस आहे, डोळा पकडणारा. मी सिरपूर तलावावर पक्षी काढतो. तिथे हातानं फोकस म्हणजे उडून गेलेल्या बगळ्याच्या रिकाम्या फांदीचे फोटो. नॉस्टॅल्जियाला माझा विरोध नाही, पण "स्वस्त पर्याय" म्हणून कुणी जुन्या लेन्सकडे वळत असेल तर हिशेब करून वळावं.

मालवी_मिरची

बगळेभाऊ, हिशेब बरोबर, पण लागू कुणाला? हिच्या घरात लेन्स आहे. हिचा खर्च फक्त अडॅप्टरचा. जी लेन्स घरात पडून आहे ती वापरा आणि दुसरी विकत घेऊ नका, हा माझा नियम. मी स्वतः पाळत नाही, ते सोडा.

पक्ष्यांना जुनी लेन्स नको, कबूल. धावत्या लहान मुलांनाही नको. पण सराफ्यात कोण पळतंय? भुट्ट्याचा कीस परतणारा माणूस तासभर एकाच जागी उभा असतो.

काळी_पेटी

+१. आता मेनूचं बघू. अडॅप्टर लावल्यावर ए६४०० ला वाटतं लेन्सच नाही, आणि शटर दाबलं जात नाही. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा. फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’ नावाने तेच सापडेल. मोड डायल ए वर. अ‍ॅपर्चर तुम्ही लेन्सवर फिरवणार, शटरचा वेग कॅमेरा ठरवणार. लेन्स एफ/८ ला बंद केली तरी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर स्वतः उजेड वाढवून दाखवतो. फिल्मच्या काळात अशा वेळी नुसता अंधार दिसायचा.

दुसरं, तुमच्या बॉडीत सेन्सर हलवून कंप थोपवायची सोय नाही, आणि लेन्सचं फोकल लेंग्थ, म्हणजे ५८ मिमी हा आकडा, कॅमेऱ्याला कळत नाही. त्यामुळे ऑटो आयएसओमध्ये तो शटर बिनधास्त १/६० वर नेतो. तुमच्या एपीएस-सी सेन्सरवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) ५८ मिमीचं दृश्य ८७ मिमीइतकं अरुंद, म्हणजे १/६० ला हात हललेलाच दिसणार. ‘आयएसओ ऑटो मिनिमम एसएस’ मध्ये १/१६० ठरवून टाका. ज्यांच्या बॉडीत ती सोय आहे त्यांनी मेनूत ५८ हा आकडा स्वतः भरायचा. तिथे सवयीने क्रॉपचा, म्हणजे लहान सेन्सरमुळे वाढलेला आकडा, ८७, भरू नये. लेन्सवर लिहिलेला खरा आकडाच.

फोकससाठी पीकिंग (धारदार कडा रंगवून दाखवायची सोय) लावा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. एफ/२ ला पीकिंग नाकापासून कानापर्यंत सगळं रंगवून दाखवतं. एका बटनावर मॅग्निफायर ठेवा, डोळ्याच्या बाहुलीवर मोठं करून बघा आणि मग दाबा.

जुनेखोड

पीकिंग लाल ठेव. पिवळं सराफ्यातल्या बल्बांमध्ये दिसत नाही.

हे वाचून मजा वाटते. याच इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करणाऱ्या दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास फोटोग्राफी हाती घेतली. दुसरे तुकोजीराव होळकर आणि इंग्रजांचे इथले एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे ते निजामाचे राजा दीनदयाळ झाले. त्या काळी काचेच्या प्लेटा, कापडाखाली डोकं घालून उलटी प्रतिमा बघायची, आणि शटर म्हणजे लेन्सचं टोपण काढायचं, मोजायचं आणि परत लावायचं. आणि आपण पीकिंगच्या रंगावर.

मालवी_मिरची

काका, होळकरांचा माणिकबाग महालही सांगा की. यशवंतराव होळकर आणि संयोगितादेवींचे फोटो मॅन रे यांनी काढलेत, पॅरिसवाले नामांकित छायाचित्रकार. इंदूरच्या लोकांना हे सांगितलं की ते "अच्छा?" म्हणून परत पोह्याकडे वळतात.

पोहे_जलेबी

माझ्या नावावर टोमणा नको ताई 😄

तपासलं. पुढच्या काचेच्या आतल्या कडेला दोन-तीन तंतू आहेत, बाकी स्वच्छ. रिंग जात्यासारखी घरघर करत फिरते. अडॅप्टर मागवलाय. स्वस्त आणि महाग यांत काय फरक असतो? चारशेपासून चार हजारांपर्यंत दिसतायत.

काळी_पेटी

लांबी आणि आतला रंग, या दोन गोष्टी. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवतात, म्हणजे अनंत (सगळ्यात लांबचा फोकस) कधीच चुकत नाही. परिणाम असा की लेन्स अनंताच्याही पलीकडे फिरते आणि तिच्यावरचे मीटरचे आकडे खोटे ठरतात. रिंग टोकापर्यंत ढकलून "लांबचं आलं" असं धरू नका; लांबचा दिवा मोठा करून बघा.

आतून चकचकीत असेल तर आणखी वाईट. ही लेन्स ३५ मिमी फिल्मची, तिचं प्रकाशवर्तुळ तुमच्या सेन्सरपेक्षा बरंच मोठं. जादा प्रकाश नळीच्या भिंतीवर आपटून सेन्सरवर पसरतो आणि फोटो फिकट येतो. लोक त्याचं खापर लेन्सवर फोडतात. आतून मॅट काळा रंग किंवा काळा मखमली चिकटपट्टा लावा. पट्ट्याच्या कडा मात्र सेन्सरपासून लांब, सुटे धागे आत नकोत.

सिरपूरचा_बगळा

बुरशीबद्दल एक. ती लेन्स इतर लेन्सांच्या पिशवीत ठेवू नका म्हणतात. खरं तर बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, ओल मिळाली तरच वाढतात. हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक लहान आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्क्यांवर राहू द्या. आमच्याकडे तलावाकाठी जाऊन-येऊन हा खर्च सगळ्यात आधी करावा लागतो. वाढलेली बुरशी काचेवरचा लेप, म्हणजे कोटिंग, खाते आणि मग पुसूनही तिचा ठसा राहतो. तुमचे दोन-तीन तंतू फोटोत दिसायचे नाहीत, पण पावसाळ्याआधी साफ करून घ्या.

जुनेखोड

सहमत. बगळा आज गोड बोलला.

मालवी_मिरची

आता सराफा. दहीवडा हवेत उडवून झेलतात ना, तो फोटो सगळ्यांनाच हवा असतो आणि ऑटोफोकसवाल्यांचाच जास्त हुकतो. कॅमेरा मागच्या पाटीवर जाऊन बसतो. हातानं फोकस असेल तर वाडगा कुठे उडतो ते एकदा बघायचं, दुकानदाराच्या खांद्याच्या पातळीत फोकस लावायचा आणि रिंगेला हातच लावायचा नाही. मग फक्त क्षण पकडायचा. एफ/४, १/५०० आणि आयएसओ दिव्यांप्रमाणे.

गर्दीत चालता चालता काढायचं तर ५८ मिमी तुमच्या सेन्सरवर फार लांब पडते, तिथे २८ मिमी हवी. जुन्या लेन्सवर खोलीच्या खुणा कोरलेल्या असतात, ती पट्टी आजच्या बऱ्याच लेन्सवर उरलेलीच नाही. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २८ मिमी एफ/८ ला ३.३ मीटरवर ठेवली की साधारण १.७ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं धारदार येतं. कॅमेरा छातीशी, डोळा माणसांवर.

काळी_पेटी

फुल फ्रेमवर, हे अधोरेखित. त्या खुणा ३५ मिमी फिल्मच्या चौकटीसाठी कोरलेल्या आहेत. एपीएस-सी वर चौकट लहान, फोटो जास्त मोठा करून बघितला जातो, म्हणून धारदारपणाचा निकष कडक. सोपं गणित: एफ/८ लावलंत तर खुणा एफ/५.६ च्या वाचा. वरचं ३.३ मीटर एपीएस-सी वर जवळपास ४.९ होतं.

नवा_भिडू

मध्येच विचारतो. माझ्याकडे पेन्टॅक्सची सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ आलीय, काच चहाच्या रंगाची पिवळी झालीय. कुणी म्हणतं किरणोत्सर्गी आहे, फेकून दे. घरात लहान मूल आहे.

काळी_पेटी

फेकू नका. त्या लेन्सच्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच वापरलीय. थोरियममुळे काचेचा वक्रीभवनांक वाढतो आणि रंग मात्र फाकत नाहीत, म्हणून त्या काळी अनेक कंपन्यांनी ती वापरली. वर्षानुवर्षं किरणोत्सर्गाने काच पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा उतरतो. अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवा. खिडकीतल्या उन्हातही होतं, पण ऊन लेन्समधून एकवटून पडदा पेटू शकतो, म्हणून एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि आसपास कापड-कागद नको. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात धोका नाही. भिंग फोडू नका, घासू नका, डोळ्याला चिकटवून बघत बसू नका, आणि मुलाला खेळायला देऊ नका, जे कुठल्याही लेन्सला लागू आहे.

पोहे_जलेबी

अडॅप्टर आला, आतून काळाही केला. अहवाल देते.

सराफ्यात एफ/२ ला दिव्यांचे गोळे कडेला जाता जाता लांबट होतात, मांजराच्या डोळ्याच्या आकाराचे. मधला माणूस बऱ्यापैकी धारदार, कडा मऊ. पण या लेन्सबद्दल सगळे सांगतात ती मागच्या धूसर भागाची गरगर काही दिसली नाही. कृष्णपुरा छत्रीवर दुपारी सूर्य चौकटीच्या कोपऱ्यात आला की अख्खा फोटो पांढुरका. आणि हो, रात्री आयएसओ ६४०० च्या जागी १६०० वर भागतंय, तेवढ्यासाठी तरी बाबांना पार्टी द्यावी लागेल.

काळी_पेटी

एफ/५.६ पासून एफ/२ म्हणजे तीन पायऱ्या (दर पायरीला प्रकाश दुप्पट), तेव्हा हिशेबाने ८०० यायला हवं. तुम्ही शटरही वाढवला असणार, एक पायरी तिथे गेली.

गरगर न दिसण्याचं कारण सेन्सर. हेलिओस ही मुळात कार्ल झाइस येनाच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ वरून बेतलेली. कडेला लेन्सची नळीच प्रकाश अडवते, त्यामुळे तिथले गोळे दबून लांबट होतात आणि मध्याभोवती फिरल्यासारखे दिसतात. म्हणजे हा सगळा खेळ कडेचा, आणि तुमचा एपीएस-सी सेन्सर ती कडाच कापून टाकतो. फुल फ्रेमवर पूर्ण दिसेल. एपीएस-सी वर हवंच असेल तर ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर मिळतो. त्यात भिंगं असतात, चित्र आकसून सेन्सरवर आणतो आणि प्रकाशाची एक पायरीही वाढते. पण चांगला रिड्यूसर स्वस्त नाही, आणि तिथे बगळ्याचा हिशेब परत उभा राहतो.

खर्च न करता: माणूस दीड-दोन मीटरवर, मागे पाच-दहा मीटरवर दाट झाडी आणि पानांतून झिरपणारा उजेड. राजवाड्याच्या सपाट भिंतीसमोर काही होणार नाही.

सिरपूरचा_बगळा

तरी मी कुठे काय म्हणालो. पिपल्यापालाच्या बागेत झाडी भरपूर आहे.

मालवी_मिरची

पांढुरक्या फोटोचं औषध रबरी हूड, लेन्सच्या तोंडावर बसणारी झालर. जुन्या कोटिंगला समोरचा उजेड सोसत नाही. त्या लेन्सला ४९ मिमीचे फिल्टरचे आटे आहेत, त्या मापाचा हूड कुठेही मिळतो. झांक्यांना तर लागणारच, रात्रभर हजारो दिवे थेट लेन्समध्ये. एखाद्या फोटोत तो पसरलेला उजेडच छान दिसतो, तेव्हा हूड काढायचा.

आणि फाल्गुनात गेरला, रंगपंचमीच्या मिरवणुकीला, ही लेन्स नेऊ नकोस. टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, गुलाल फोकसच्या आट्यांत गेला की काकांकडेही इलाज नाही. जुन्या लेन्सला पाणी-धूळ अडवणारी रबरं नसतात. तिथे मोबाइल, प्लास्टिकच्या पिशवीत.

जुनेखोड

इलाज आहे, पण करणार नाही.

पोरी, एक सवय लाव. कॅमेरा अ‍ॅपर्चर नोंदवत नाही, महिन्याने फोटो बघताना एफ/२ की एफ/४ काही आठवत नाही. आम्ही वहीत लिहायचो. तू फोटो काढल्यावर लेन्सच्या रिंगेचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेव.

पोहे_जलेबी

हे छान आहे काका. शेवटचा प्रश्न: अडॅप्टरमध्ये लेन्स पूर्ण आवळली की वरची खूण मध्यावर न येता डावीकडे थांबते, आकडे बाजूला वाचावे लागतात. परत पाठवू का?

काळी_पेटी

नको. बऱ्याच अडॅप्टरांना बाजूला तीन बारीक स्क्रू असतात. ते थोडे सैल केले की आतली आट्यांची रिंग फिरते. खूण वर आणा, स्क्रू परत आवळा. स्क्रूड्रायव्हर अगदी बारीक हवा, चष्मेवाल्याकडचा चालतो.

पोहे_जलेबी

झालं! स्क्रू होते. खूण बरोबर वर आली.